करीमभाऊंची आठवी बल्ली

स्टेज उभं झालं की करीमभाऊ मिस्त्री मागच्या लाकडी भिंतीला खांदा लावून सगळ्या अंगाचा जोर देत. नजर मात्र वर, भिंतीच्या माथ्यावर. माथा तसूभरही हलला नाही, की मग बिडी. वडशाच्या आमच्या नाटक मंडळीचं स्टेज दर हिवाळ्यात गावोगाव तेच उभारत. मी एरवी शाळामास्तर, हंगामात नाटकातला सेनापती. आणि हा सेनापती माझ्या अंगात जरा जास्तच मुरलेला.

"चौकट वजन सोसते मास्तर, पण बाजूनं लोटली का लवते," ते सांगत. "अन् पडदा बांधला का भिंत वारं धरते. म्हणून तिरपी बल्ली." अशा आठ तिरप्या बल्ल्या, म्हणजे टेकूचे लाकडी वासे, ते भिंतीच्या चौकटींना दोरानं आवळून बांधत. त्यातली एक नेमकी माझ्या प्रवेशाच्या वाटेत येई. फेटा सांभाळत मला तिच्याखालून वाकून यावं लागे. मी कुरकुरलो की म्हणत, "वाका ना थोडंसं. वाकल्यानं तुमचा सेनापती लहान होत नाई."

एका गावी दुपारी ते जेवायला गेले होते. मी त्या बल्लीचा दोर सोडला, ती बाजूला ठेवली आणि ताठ मानेनं तीनदा प्रवेश करून पाहिला. नंतर बांधू म्हणून चहाला गेलो. अर्ध्या चहात आभाळ भरून आलं, वारं सुटलं आणि भिंत पडद्यासकट आडवी झाली. लागलं कुणाला नाही, पण बाजाची पेटी फुटली, प्रयोग रद्द झाला. सगळ्यांच्या आधी धावत पोहोचलो तो मीच. पोहोचून पहिलं काम काय केलं, तर ती बल्ली उचलून ढिगात टाकली.

करीमभाऊंनी ढीग उपसून बल्ल्या मोजल्या. "आठ होत्या, आठ हायत," म्हणाले आणि स्वतःच्या हातांकडे बघत बसले. "मंग माह्याच हातची गाठ सैल राह्यली." पुढच्या हंगामात मंडळीच्या मालकांनी दुसरा मिस्त्री ठेवला. बाकीच्या नाटक मंडळ्यांनीही त्यांना बोलावणं सोडलं. उभ्या जन्मात कमावलेलं नाव माझ्या एका ऐटीपायी गेलं.

नंतर ते घरीच पाट, चौरंग करत. मी गेलो की एकच विचारत, "मास्तर, तुमी त होते तिथी. कोन्ती गाठ सुटली असन?"

"वारंच तसं होतं, भाऊ."

"वारं त येतेच. त्याच्यासाठीच त मले ठेवलं होतं."

आज सांगायचंच, असं ठरवून मी घरून निघे आणि चहा पिऊन परत येई. भ्याड माणूस मी, दुसरं काय.

गेल्या पावसाळ्यात ते वारले. कब्रस्तानात मूठमूठ माती देऊन आम्ही बाहेर आलो. मालक हळहळले, "माणूस लाखाचा होता. पण शेवटी हात गेले होते बिचाऱ्याचे. नाई का, मास्तर?"

करीमभाऊंचा मुलगा शेजारीच उभा होता. तोही माझ्याकडे बघू लागला.

मी "हो" म्हणालो.