डबलसीटची हवा

सकाळी पंपावर स्कूटरमध्ये हवा भरायला थांबले होते. माझ्या पुढे मोटरसायकलवर एक जण, एकटाच. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकात हवा जास्त लागते, म्हणून हवा भरणाऱ्या काकांनी सवयीनं विचारलं, "सिंगल का डबलसीट?"

"डबलसीट."

"मागं तर कुणीच नाही."

"येताना आई असेल. दवाखान्यात आहे."

"आज सोडणार?"

"बघू. तेच विचारायला चाललोय."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. नवस बोलणारे पुष्कळ पाहिलेत. डॉक्टरांच्या होकाराआधीच चाकात हवा भरून निघणारा हा पहिलाच. काकांनी पुन्हा एकदा मागचं चाक दाबून पाहिलं. तो निघाला, तेव्हा अगदी टाकीला चिकटून बसला होता. मागची जागा मोकळी ठेवून.