चालायला जागा

बारामतीच्या डॉक्टरांनी माझ्या वडिलांना बजावलं, रोज तासभर चाला, नाहीतर मधुमेह पाय घेईल. सांगायला त्यांचं काय जातं! त्यांच्या दवाखान्याजवळ कालव्याच्या कडेनं झाडांच्या सावलीत फरसबंद वाट आहे. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावात चालायला रस्ता तेवढा आहे.

तोही रुंद केला, तेव्हा कडेचे लिंब गेले आणि मुरमाची साइडपट्टीही गेली. हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर अगदी अंगाला घासून जातात. त्यात आमच्या माणसांची माया! म्हातारा माणूस पायी दिसला की मोटारसायकल थांबलीच. "आबा, चालत व्हय? बसा मागं." नको म्हटलं तर त्याला राग येतो. वडील घरातून निघायचे चालायला आणि पोचायचे भिगवणच्या चहाच्या टपरीवर. तिथं चहा पाजल्याशिवाय त्यांना कोण सोडतंय? कोरा, बिनसाखरेचा चहा पाहुण्याला द्यायची आमच्याकडं लाज वाटते.

शेवटी त्यांनी शेताचे बांध धरले. तिथं बाभळीचा काटा चप्पल फोडून करंगळीखाली तळव्यात घुसला. मधुमेहानं पाय बधिर झालेला, त्यामुळं त्यांना कळलंच नाही. जखम चिघळली आणि करंगळी काढावी लागली.

मग मी ग्रामसभेत उभी राहिले. रस्त्याच्या कडेनं दोन माणसं चालतील एवढी वाट द्या, म्हटलं. लोक हसले. सरपंच मात्र समजुतीनं म्हणाले, "ताई, चालावं लागू नये म्हणून तर रोड केलाय." त्यांना ते मनापासून खरं वाटत होतं. अशा माणसाशी भांडणार तरी काय? घरी येऊन मी संतापानं रडले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! रस्ता तसाच राहिला आणि वडिलांच्या गोळ्या वाढत गेल्या.

आता ते घरातच चालतात, स्वयंपाकघरापासून ओसरीपर्यंत, भिंतीला हात लावून. काल त्यांचे पाय पुसताना करंगळीच्या जागेशेजारचं बोट काळं पडलेलं दिसलं. मी ते बोट जोरात दाबलं, तरी वडील माझ्याकडं बघून हसले.

"काय दुखत न्हाय गं," ते म्हणाले. "चालून फरक पडाय लागलाय बघ."