भिकू पेंटरने काढलेली मान

भिकू पेंटर रस्त्यात थांबून तोंडाकडे निरखून पाहू लागला, की वेंगुर्ल्यातली म्हातारी माणसं भराभर पाय उचलायची. त्यांचा तरी काय दोष? आमच्याकडे माणूस गेल्यावरच त्याचं चित्र काढून घेत, तेही जुन्या फोटोवरून. जिवंतपणी काढलं तर आयुष्य तुटतं, अशी समजूत. भिकू होड्यांवर नावं रंगवून पोट भरायचा आणि अधूनमधून मेलेल्यांना गोरंगोमटं करून द्यायचा. "मेल्यार सगळेच गोरे होतत," असं म्हणून कुत्सित हसायचा. जिवंत म्हातारं माणूस एकदा तरी समोर बसावं, एवढीच त्याची हाव होती.

मी तिथल्याच शाळेत मास्तर. शिकलेला, म्हणून समजुती न मानणारा. मीच त्याला म्हटलं, "माझ्या आवशीचा काढ." आई तर माझ्याहून धीट निघाली. "काढ रे. मरूचा तेव्हा मरतलंयच," म्हणत ती घरापुढच्या खळ्यात पाटावर येऊन बसली.

दहा-बारा दिवस रोज सकाळी काम चाललं. सुरकुत्यांना त्याने काळा रंग लावलाच नाही. जांभ्या दगडाचा तांबूस लावला, त्यात किंचित पिवळा. मी विचारलं तर खेकसला, "काळो रंग तिच्या बोटांक ठेवलंय. म्हातारपण काळा नसता, मास्तर. उन्हात भाजलेला असता." काजूच्या कारखान्यात टरफलांच्या चिकाने आईची बोटं कायमची काळवंडली होती. नारळांच्या पाट्या वाहून मान पुढे झुकली होती. त्या मानेवरच त्याने सारं चित्र उभं केलं. खांदे, पदर, गालांचे खळगे, सगळं त्या एका उताराने खाली येत होतं. मला ते बघवेना.

आईने मात्र चित्रातल्या मानेवर अलगद बोट ठेवलं. "ही माजीच मान. माका तू वळाखलंस रे," ती म्हणाली. भिकूच्या डोळ्यांत पाणी आलं.

दोन वर्षांनी आई गेली. मुंबईहून थोरला भाऊ आला आणि चित्र पाहून भडकला. "ह्या काय? झिलांनी आवशीक जेवूक घातल्यानी नाय, असा लोक म्हणतले!" आणि मला, शिकलेल्या मास्तरला, ते पटलं. आम्ही चित्र सावंतवाडीच्या एका बोर्ड रंगवणाऱ्याकडे दिलं. त्याने गाल भरले, मान ताठ केली, बोटं गुलाबी केली. सगळं त्याच चित्रावर. आईचा फोटो तर आम्ही कधी काढलाच नव्हता.

वर्षश्राद्धाला भिकू जेवायला आला. भिंतीवर टांगलेल्या त्या चित्रासमोर जाऊन उभा राहिला.

"ही कोणाची आवस?"

"भाव म्हणालो म्हणान..." मी चाचरलो.

"भावाचा सोड. तू रोज तिच्या हातचा जेवलंस रे!" एवढं बोलून तो पानावर न बसता निघून गेला. त्यानंतर त्याने होड्या रंगवल्या, माणसं नाहीत. मी समोरून आलो की तोंड फिरवायचा. दोन पावसाळ्यांनी तोही वारला. त्याची माफी मागायची राहून गेली, असं मी लोकांना सांगतो. राहून कसली जातेय? मी मागितलीच नाही.

आता नातवंडं विचारतात, पणजी कशी होती? मी भिंतीकडे बोट दाखवतो. दुसरं काय करू? डोळे मिटले तरी मला तीच गुलाबी बाई दिसते.