गळ्यातली सगुणाबाई

ठकुबाईच्या पायाला भिंगरी होती. चामराजपेटेत घरी बसून ती साड्यांना फॉल लावायची, पण एक फॉल पुरा होईपर्यंत दहादा उठायची. गॅस बघायला, दार बघायला, कुणी हाक मारली का ते बघायला. नवरा ज्योतिबा सरकारी छापखान्यात पुस्तकं बांधायचा. तो म्हणायचा, ही बाई तिरडीवरसुद्धा नीट पडून राहायची नाही. पण आधी गेला तोच, आणि तिच्या पायांना खरोखरीचं काम लागलं.

पेन्शनच्या कचेरीत कळलं की ज्योतिबाच्या नोकरीच्या कागदांत बायको म्हणून नाव आहे सगुणाबाईचं. सगुणाबाई त्याची पहिली बायको, ऐन तरुणपणी काविळीनं वारलेली. पुढे ठकुबाईशी लग्न झालं, पण नाव बदलून घ्यायचं काही त्याला सुचलं नाही. जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं शिवणाऱ्यानं स्वतःचे कागद तसेच सुटे ठेवले होते. साहेब म्हणाले, पहिलीच्या मृत्यूचा दाखला आणा, मग दुसरीचं बघू. म्हणजे सरकारदरबारी सगुणाबाई जिवंत होती आणि ठकुबाई कोणीच नव्हती.

आणि मौज अशी, की सगुणाबाई वारल्याची खूण ठकुबाई इतकी वर्षं गळ्यात घालून हिंडत होती. कन्नड मुलखातल्या या मराठी घरांतली जुनी रीत आहे: पहिली वारली की दुसरीनं तिच्या नावाची चांदीची पुतळी दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची, आणि आपण काही तोंडात घालण्याआधी तिला द्यायचं. पुतळी गळ्यात आली, नात्यागोत्यात कळलं, आता सरकारलाही कळवायचं असतं हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. ज्योतिबा गेल्यावर ठकुबाईचं मंगळसूत्र उतरलं. पुतळी उतरवायची की नाही हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून ती राहिली.

मुलगी प्रणिता हेब्बाळला कंपनीत होती. तिनं रजा काढून धावपळ केली आणि हाती काय आलं, तर नोंद आढळत नाही असा दाखला. इतक्या जुन्या मृत्यूची नोंद आता करायची तर वरच्या अधिकाऱ्याचा हुकूम हवा, आणि हुकुमासाठी ते मरण डोळ्यांनी पाहिलेलं माणूस हवं. सगुणाबाई वारली होती माहेरी, के. आर. पुरमला. पाहणाऱ्यांपैकी एकच उरला होता, तिचा भाऊ फत्तेसिंग. आणि त्यानं ठकुबाईच्या लग्नापासून या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. बहिणीची राख थंड व्हायच्या आत यांनी वरात काढली, असं तो येईल त्याला सांगायचा.

त्याच्याकडे जायचा ठकुबाईला धीर होईना. फोन लावायची, घंटी वाजायच्या आत ठेवून द्यायची. एकदा तर ती के. आर. पुरमच्या स्टेशनापर्यंत गेली आणि तशीच परत आली. पेन्शनवाचून लेकीच्या जिवावर जगायचं, हे टोचत होतंच. त्याहून जास्त टोचत होतं ते हे, की आयुष्यभर ज्याचा संसार केला त्याची आपण बायको, एवढंही कुणी लिहून देईना. शेवटी एका सकाळी अर्धा फॉल सुईसकट टाकून ती निघाली.

फत्तेसिंगनं तिचं सगळं बोलणं उभ्यानंच ऐकून घेतलं.

"आमच्या सगुणाला आता कागदावर मारायला आलीस व्हय?" तो म्हणाला.

ठकुबाईनं पिशवी उचलली. ती उठलीच होती, तेवढ्यात त्याच्या सुनेनं कॉफी आणली. कॉफी टाकून निघणं बरं दिसेना. तिनं पेल्यासारखा स्टीलचा लोटा घेतला, कॉफीत बोट बुडवलं, गळ्यातल्या पुतळीला लावलं आणि मग घाईघाईनं घोट घेतला. डोळे दाराकडे होते, चपला कुठे काढल्या ते शोधत होते.

"हे कधीपासनं?" फत्तेसिंगनं विचारलं.

"काय, अण्णा?"

"हे. तिला आधी."

"पुतळी देताना तुमच्या आईनंच सांगितलं होतं न्हवं? रोजचंच आहे."

फत्तेसिंग आत गेला. विषय संपला असं धरून ठकुबाईनं चपला घातल्या. ती पायरी उतरत होती तेव्हा तो अंगात शर्ट चढवत बाहेर आला.

"स्वल्प थांब," तो म्हणाला. "कुठल्या कचेरीत यायचं ते सांग."

सुनावणीच्या दिवशी ठकुबाईनं सकाळपासून कचेरीचा व्हरांडा पालथा घातला. आत बोलावलं तेव्हा अधिकाऱ्यानं फत्तेसिंगला विचारलं आणि त्यानं न अडखळता सांगितलं: कावीळ झाली होती, आमच्याच घरी गेली, अग्नी मी दिला. मग अधिकाऱ्यानं कन्नडमध्ये ठकुबाईकडे बोट करून विचारलं, या कोण? या एका प्रश्नाचं उत्तर ती इतके दिवस घोकत आली होती, ज्योतिबाची बायको. आणि नेमकी आता ती फत्तेसिंगकडे बघायला लागली.

"नन्न तंगी," फत्तेसिंग म्हणाला. माझी धाकटी बहीण.

अधिकाऱ्यानं कागद खालीवर केले. बहीण तर वारली म्हणता, मग ही कुठली?

"ती थोरली होती, सार. तिच्या जागी ज्योतिबाच्या घरात गेलेली ही धाकटी."

अधिकारी 'सरी', म्हणजे 'बरं', म्हणाला आणि लिहायला लागला. भिंतीशी एक खुर्ची सकाळपासून रिकामी होती. ठकुबाई तिच्यात जाऊन बसली. सही झाली, शिक्का बसला, फत्तेसिंग दारापाशी जाऊन थांबला, तरी उठायचं तिच्या ध्यानातच आलं नाही.