हाडांच्या वॉर्डातले सफाचटकाका

ऑपरेशनच्या आधी रुग्णाचा गुडघा, मांडी भादरायला जे यायचे, त्यांना सगळं इस्पितळ सफाचटकाका म्हणायचं. घाबरलेल्या माणसाला बोलतं करायची त्यांना हातोटी होती. "केस तेवढे माझे, पाय तुमचाच राहील," म्हणत ते वस्तरा चालवायचे. आयुष्य साबणपाण्यात गेल्यानं बोटांना कायमच्या भेगा पडलेल्या. पण त्यांना त्याचं काही वाटत नसे.

त्या वर्षी हाडांच्या वॉर्डात एकेकाच्या जखमा चिघळायला लागल्या. कुठल्याच औषधाला दाद न देणारे जंतू. त्यात शाळेतल्या एक बाई गेल्या. गुडघा भादरताना त्यांनी काकांना एकोणतीसचा पाढा म्हणायला लावला होता आणि काका अडले तेव्हा पोटभर हसल्या होत्या.

प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाईंनी सर्जनपासून सफाईवाल्यांपर्यंत सगळ्यांच्या नाकात कापसाची काडी फिरवून नमुने घेतले. कुणाकडेच काही सापडेना. मग एकदा वॉर्डात पिशवी घेऊन चाललेले काका त्यांना दिसले.

"काका, तुमची तपासणी झाली का हो?"

"माझी कशाला? मी रोजावरचा माणूस. हजेरीपटावर कुठाय मी?"

अहवाल आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांना बोलावून दार लावून घेतलं.

"ते जंतू तुमच्या नाकात आहेत, बोटांच्या भेगांतही आहेत. तुम्हाला त्रास देत नाहीत, पण तुमच्याबरोबर फिरतात."

काकांनी हात टेबलाखाली घेतले. "म्हणजे शाळेच्या बाई माझ्यामुळं गेल्या?"

"ते सांगता येत नाही. तुमच्याकडून त्यांच्याकडे गेले, की आधीच्या कुणा रुग्णाकडून तुमच्याकडे आले, कळायला मार्ग नाही. तुम्हाला आधीच तपासायला हवं होतं. ती चूक आमची."

काम बंद झालं. नाकात मलम, अंगाला औषधी साबण, कपडे रोज उकळायचे. घरच्यांनाही तपासावं लागलं. काकू म्हणाल्या, "जन्मभर माझ्या नाकी नऊ आणलेत, आता काडीपण घालायला लावताय!" काका हसले नाहीत. नात गळ्यात पडायला आली की उठून बाहेर जायचे.

यथावकाश नमुने स्वच्छ आले. मग कुणाला न सांगता काका शाळेच्या बाईंच्या घरी गेले. त्यांच्या यजमानांनी दार उघडलं. काकांनी उंबऱ्याबाहेरूनच सगळं सांगितलं.

यजमानांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "मग आता मी काय करू?"

यजमानांनी सावकाश दार लावलं.

"कशाला गेलात? डॉक्टरसुद्धा खात्रीनं सांगत नाहीत!" काकू चिडल्या.

"त्यांनी शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं गं."

इस्पितळानं वस्तरे बंद केले. आता ऑपरेशनच्या तोंडावर नर्सच यंत्रानं केस काढते. काकांना मुदतीमुदतीनं तपासणी करून घ्यायच्या अटीवर दीर्घ मुक्कामाच्या रुग्णांची दाढी करायचं काम मिळालं. हातमोजे घालून ते मन लावून करतात. फार बोलत मात्र नाहीत. नवे रुग्ण समजतात, काका मूळचेच अबोल.