रमीबाईची कोरी रेघ

गिरधर मास्तरांना पाढे घोकून घेण्याचा मनस्वी कंटाळा. शहाद्याकडचा हा माणूस अक्कलकुव्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एकशिक्षकी शाळेत आला आणि पहिलीच्या पोरांना गावभर पिटाळू लागला. कोणाकडे कोंबड्या किती, मोजून या. मग शाळेच्या अंगणात प्रत्येक घराची एक रेघ आणि कोंबडीमागे एक गोटा. ज्याची रांग लांब, त्याच्या कोंबड्या जास्त. अक्षर न येणारं पोरही नुसतं पाहून सांगे. मास्तर खूश, पोरं त्याहून खूश.

एका वर्षी पावसाळा सरताना हिवतापाने गावात उच्छाद मांडला. भीमसिंग कारभाऱ्याचा धाकटा मुलगा त्यातच गेला. वस्तीच्या खालच्या अंगाला साचलेलं, डासांनी भरलेलं डबकं बुजवा, म्हणून मास्तरांनी घसा कोरडा केला, कोणी ऐकेना. तेव्हा त्यांनी पोरांना घरोघर आजारी मोजायला धाडलं. डबक्याकाठच्या घरांच्या रांगा लांबलचक झाल्या, वरच्या घरांच्या आखूड, आणि टेकाडावर एकट्या राहणाऱ्या विधवा रमीबाईची रेघ कोरी राहिली. मास्तरांनी अख्खं गाव बोलावलं. आपल्याला जे दिसतं तेच दुसऱ्याला दिसतं, असं शिकलेला माणूस धरून चालतो. मूर्खपणा दुसरा काय असतो?

डबक्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. सगळ्यांच्या नजरा कोऱ्या रेघेवर खिळल्या. रमीबाई गर्दीतच होती. आपलं घर निरोगी निघालं म्हणून ती बापडी हसत होती.

"सगळास्ले खाई ऱ्हायनी ती. मंग तिना घरमा ताप कसा येई?" भीमसिंग म्हणाला. मास्तरांशी तो बाजारातली अहिराणी बोले.

मास्तरांनी डबकं, डास, टेकाडावरचा वारा, सगळं पुन्हा समजावलं.

"मंग तू हाई काबर मांडं?" कोऱ्या रेघेकडे बोट करून भीमसिंगाने शांतपणे विचारलं.

गावाने डाकीण ठरवून रमीबाईच्या डोळ्यांत मिरची भरली, झोपडी पेटवली आणि मारत मारत तिला नाल्यापलीकडे हाकललं. पोरंही मागे धावली. त्यांच्या हातांत शाळेच्या अंगणातलेच गोटे होते.

ती खाली एका नातलगाच्या गोठ्यात पडून असल्याचं मास्तरांना कळलं. तिला भेटून ते म्हणाले, "तू नसतानाही ताप राहील, मग गावच तुला न्यायला येईल." परत येऊन त्यांनी मोजणी चालू ठेवली. रोज गोटे मांडताना आजारी माणसं आजारीच राहावीत, असं त्यांच्या मनात येई. त्याची त्यांना लाज वाटे, तरी येई.

पण थंडी पडली, डबकं आटलं, डास गेले. रांगा आखडत आखडत एक दिवस सगळ्याच रेघा कोऱ्या झाल्या. भीमसिंग अंगणात येऊन उभा राहिला.

"ती गयी, ताप गया. तुन्हाच गोटा सांगी ऱ्हायनात."

मास्तर काही बोलायच्या आत पहिलीतल्या सगळ्या पोरांनी होकाराच्या माना डोलावल्या. रेघा वाचायला ती आता छान शिकली होती.