उघडा पत्रा

प्रकाशचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. अक्का दवाखान्यात होती आणि प्रकाश तिच्याजवळ थांबला होता. सकाळचा डबा मी घेऊन जायचा, असं ठरलेलं. फोनवर तो एवढंच म्हणाला, "नलू, डबा आणू नकोस." मी ओली चादर हातात घेऊन तशीच उभी राहिले. रडू आलं नाही. कित्येक महिने ज्याची भीती वाटत होती ते घडून गेलं होतं, आणि तरी भीती गेली नव्हती...

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद, माझ्या नवऱ्याची, प्रकाशची, बहीण. आयुष्यभर नर्स होती. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर आमच्याकडे नाशिकला राहायला आली. येताना सामान थोडं आणि सोबत आबांची जुनी फियाट. आबा, म्हणजे माझे सासरे, मनमाडला रेल्वेत होते. त्यांच्या कॉलनीत आमच्या समाजातली ती पहिली गाडी. किती नवऱ्या मुली त्या गाडीतून सासरी गेल्या, किती बाळंतिणी दवाखान्यात पोचल्या. आबा गेल्यावर गाडी ताडपत्रीखाली गेली ती आमच्या पोर्चमध्ये येऊनही तशीच राहिली.

गेल्या वर्षी अक्काचा दम वाढला. फुफ्फुसं हळूहळू कडक होत चाललीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. धुळीपासून लांब राहायचं, रंग-थिनरचा वास घ्यायचा नाही. अक्कानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, रिक्षात बसून घरी आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीवरची ताडपत्री ओढून काढली.

द्वारका चौकाजवळ निसारभाईंचं डेंटिंग-पेंटिंगचं दुकान आहे. त्यांनी येऊन गाडी ठोकून पाहिली आणि म्हणाले, "पत्रा चांगला आहे, पण वरचं सगळं उतरवायला लागेल." जुना रंग, त्याखालची पुट्टी, त्याखालचा गंज, सगळं काढून पत्रा स्वच्छ करायचा. कुठे सडला असेल तिथे नवा तुकडा जोडायचा, खड्डे भरायचे, घासून सपाट करायचे आणि मग रंगाआधीचा प्रायमर. जड काम निसारभाईंनी करायचं आणि घासायचं अक्कानं, असं त्या दोघांनी परस्पर ठरवून टाकलं. मी प्रकाशशी भांडले. तो म्हणाला, तूच सांग तिला. माझं कोण ऐकतंय! शेवटी अक्कानं तोंडाला जाड मास्क लावायचा आणि फक्त ओला करून घासायचा पाणी पेपर वापरायचा, म्हणजे धूळ उडणार नाही, एवढ्यावर तडजोड झाली.

तेव्हापासून माझे कान पोर्चकडे लागलेले असायचे. पेपर पत्र्यावर फिरत असला की खसखस आवाज यायचा. मी पोळ्या लाटताना, भाजी निवडताना तो आवाज ऐकत राही. आवाज चालू आहे तोवर अक्का ठीक आहे. मध्येच तो थांबला की माझा हात थांबे. पाण्यात पेपर बुडवत असेल... घाम पुसत असेल... मग पुन्हा खसखस सुरू होई आणि मी श्वास सोडी. माझ्या मैत्रिणी हसायच्या. पण एके दिवशी तो आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झालाच नाही. मी धावत बाहेर गेले तर अक्का पुढच्या चाकाला टेकून जमिनीवर बसलेली, ओठ निळसर, डोळे उघडे. मला बघून तिनं दोन बोटं वर केली, म्हणजे थांब, घाबरू नको. पेशंटच्या नातेवाइकांना ती तसंच करत असणार.

त्या खेपेला ती घरी परत आली, पण सोबत ऑक्सिजनचं मशीन आलं. मशीन हॉलमध्ये ठेवलं. त्याची लांबलचक पारदर्शक नळी उंबऱ्यावरून पोर्चमध्ये अक्काच्या खुर्चीपर्यंत जायची. घासणं आता बंद. ती बसून फक्त बघायची, आणि एखादा भाग तयार झाला की तिच्या औषधांच्या खणातले रबरी हातमोजे घालून कापडानं पुसायची. उघड्या पत्र्याला नुसता हात लागला तरी घामानं डाग पडतो, रात्रीत गंज धरतो, असं निसारभाईंनी सांगितलं होतं. ऑपरेशनआधी कातडी पुसावी तसा ती पत्रा पुसायची. थिनर मात्र गेटच्या बाहेरच राहील, हा नियम तिनंच घातला. ऑक्सिजन आणि थिनर एकत्र आले की एका ठिणगीनं काय होतं, हे तिनं मला एका वाक्यात सांगितलं. त्यानंतर मला धड झोप लागेना.

आणि व्हायचं ते झालंच. त्या दिवशी निसारभाई गेटजवळ पत्रा पुसायची तयारी करत होते. गेटबाहेरचा थिनरचा डबा उचलताना त्याची कडी निसटली आणि तो आडवा झाला. आमच्या पोर्चचा उतार घराकडे आहे, पावसाचं पाणीसुद्धा आत येतं. ते थिनर फरशीवरून सरळ अक्काच्या खुर्चीकडे येताना मी दारातून पाहिलं. आत गॅसवर चहा उकळत होता.

अक्कानं आवाज चढवला नाही. नाकातली नळी काढत ती म्हणाली, "नलू, आधी गॅस बंद कर. मग मागे जाऊन मेन स्विच. इथलं कुठलंही बटण दाबू नकोस."

मी गॅस बंद केला, मागच्या पडवीत जाऊन मेन स्विच ओढला. घर एकदम मुकं झालं. मशीनची घरघर थांबल्यावर मला कळलं की आता तिला हवा नाही. घराला बाहेरून वळसा घालून मी पुढे आले तेव्हा निसारभाई कुंड्यांमधली माती उपसून फरशीवर टाकत होते आणि अक्का गाडीला धरून धरून गेटकडे चालली होती. पाच-सात पावलांचं अंतर, पण प्रत्येक पावलाला ती थांबत होती. जळून मरेल की गुदमरून, एवढंच माझ्या डोक्यात. शेजारच्यांच्या पायरीवर तिला बसवलं, मागच्या दारानं तिच्या खोलीतला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर आणला. तिच्या ओठांचा रंग परत येईपर्यंत निसारभाई रस्त्याच्या पलीकडे उभे होते. नंतर ते म्हणाले, "ताई, हे काम आपण थांबवू." अक्कानं मान हलवली. नाही.

संध्याकाळी तिच्या पायांना तेल लावताना मी विचारलं, तुम्हाला भीती कशी वाटत नाही? मला वाटलं ती हसेल. तिनं पाय जवळ ओढून घेतले. मग म्हणाली, "डावं दार पाहिलंस?"

डाव्या मागच्या दारावरची पुट्टी काढल्यावर खाली मोठा पोचा निघाला होता, हे मी पाहिलं होतं. तो तिच्या हातून झाला होता. ती नुकतीच गाडी शिकली होती. पेठच्या घाटात आबांनी तिच्या हातात गाडी दिली, आई मागे बसलेली. वळणावर खडीवरून चाक घसरलं, गाडी कडेला गेली आणि एका दगडाला अडकून थांबली. घाबरलेल्या आईनं उतरायला दार ढकललं. ते दगडामुळे बोटभरच उघडलं. त्या फटीतून अक्काला खालची दरी दिसली. तिनं मागे वळून आईचा दंड धरला तो आबांनी सोडवेपर्यंत सोडला नाही. आबांनी पोचा भरून घेतला, रंग मारून घेतला, आणि घरात पुन्हा कधी तो विषय काढला नाही. अक्कानंही पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही.

"वॉर्डात मला काय करायचं ते माहीत असायचं," ती म्हणाली. "म्हणून लोकांना वाटायचं ही घाबरत नाही. पण मी तेव्हापासून रोज घाबरत आलेय, नलू. वाटलं, जाण्याआधी तो पोचा एकदा उघडा करून बघावा."

"मग? बघून काय वाटलं?"

"छोटा आहे गं. मला केवढा वाटायचा."

प्रायमर मारायच्या दिवशी तिला शेजारच्यांच्या वरच्या मजल्यावर नेऊन बसवलं. काचा बंद. खाली पोर्चला चहूबाजूंनी प्लास्टिक लावलेलं, त्यामुळे तिला काही दिसत नव्हतं, नुसता कॉम्प्रेसरचा आवाज येत होता. माझा हात तिच्या हातात होता. तिची बोटं गार होती आणि ती घट्ट धरत होती, तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की आम्ही दोघी एकाच गोष्टीला भीत आहोत, आणि त्यानं थोडा धीर आला. दोन दिवसांनी वास गेल्यावर ती घरी आली. गाडी सगळी एकसारखी राखाडी झाली होती. अक्कानं दारावरून हात फिरवला. पोचा कुठे होता ते सापडेना म्हणून तिनं मलाच विचारलं. मलाही सांगता आलं नाही.

नंतर थंडी आली आणि ती आजारी पडली ती उठलीच नाही.

अक्काच्या नावानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, मनमाडची मंडळी परत गेली, मशीनवाला येऊन मशीन घेऊन गेला. प्रायमर पाणी पितो, गाडी अशी फार दिवस ठेवू नका, असं निसारभाईंनी बजावलं होतं. मागच्या आठवड्यात ते रंगाची तयारी करायला आले. मी चहा दिला. रिकामा कप घेऊन ते स्वयंपाकघराकडे यायला निघाले, उंबऱ्याशी पोचले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "जपून, नळी..."

निसारभाई थांबले. खाली फरशी रिकामी होती. ते क्षणभर तिथेच बघत राहिले. मग त्यांनी पाय उंच उचलला आणि जपून पलीकडे टाकला.